एकच मॉडेल, निराळी रूपे

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात ‘ड्यूसेनबर्ग मॉडेल जे’ या जुन्या अमेरिकी गाडीची तीन छायाचित्रे सापडली, त्यांपैकी एक इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांच्या गाडीचे आहे. मॉडेल एकच असूनही तिन्ही गाड्या इतक्या वेगळ्या कशा दिसतात? अस्सल गाडी ओळखावी कशी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. त्या काळी अतिश्रीमंतांसाठीच्या गाड्यांचे कारखाने बहुधा इंजिनासह नुसती चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, विकत, आणि तिच्यावरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडी-कारागिरांकडून बांधून घेई. 1928च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेल्या मॉडेल जेच्या नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला 8,500 डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची मॉडेल ए ही संपूर्ण मोटार सुमारे 500 डॉलरांत मिळत असे. होळकरांची गाडी सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) असलेली, म्हणजे ‘एसजे’ प्रकारची. तिची बॉडी गर्नी नटिंग या लंडनच्या पेढीने घडवली, आणि माझ्या मते या मॉडेलवर चढलेल्या सर्वांत देखण्या बॉडींपैकी ती एक आहे.

कारखान्याची खरी करामत मात्र त्या पत्र्याखाली होती. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, ते व्हॉल्व्ह उघडणारे दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (वरच्या बाजूचे फिरते दांडे) आणि सुमारे 6.9 लिटर क्षमता असलेल्या या इंजिनाची शक्ती कंपनी 265 अश्वशक्ती सांगत असे. सुपरचार्जर जोडल्यावर तो आकडा 320वर जाई. कंपनी 1937मध्ये बंद पडेपर्यंत मॉडेल जेच्या सगळ्या मिळून 500हूनही कमी गाड्या तयार झाल्या.

पुढे अनेक गाड्यांच्या बॉडी बदलल्या गेल्या, काहींची इंजिनेही बदलली. बॉडी बदलणे ही तेव्हाची रूढ पद्धत होती, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून गाडीला बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. अस्सलपणा ठरवताना जाणकार आधी इंजिन व चासी यांचे क्रमांक पाहतात, ते जुन्या नोंदींशी ताडतात आणि मगच बॉडीकडे वळतात.

छायाचित्रात क्रमांक दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ जण बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत एक्झॉस्ट नळ्या पाहून गाडी ‘एसजे’ असल्याचा निष्कर्ष काढतात. तसे करू नये. सुपरचार्जर नसलेल्या कित्येक गाड्यांनाही हौसेपोटी अशाच नळ्या बसवलेल्या आहेत.