नाशिकहून सकाळी निघून मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात बघून होतं का? मुलं कंटाळतील का?

होतं. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जा, संध्याकाळच्या पंचवटीनं या. संग्रहालय काळा घोडा भागात आहे, सीएसएमटीहून तिथे चालत जाता येतं. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "इमारत फोटोत पाहिलीच आहे, आत जाऊन वेगळं काय बघायचं?" नाशिककरानं हे विचारावं याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आत गेल्यावर लगेच मूर्तींकडे वळू नका. घुमटाखाली उभे राहा आणि वर बघा. पहिल्या मजल्यावरच्या गोल कठड्यात लाकडी खांब आणि महिरपी बसवल्या आहेत. ते काम नाशिकच्या एका वाड्यातलं आहे! संग्रहालयाच्या विश्वस्तांनी ते विकत घेतलं आणि इमारतीचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट यानं (गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच) त्या गोलात असं बसवलं, की मुळात तिथलंच वाटावं. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून, दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा, आणि आतलं लाकूड आपलं. जिना चढून जवळ जा. खांबांवरचे हस्त, म्हणजे वरचा भार पेलणारे कोरीव लाकडी आधार, बघा, कोनाड्यांतल्या कोरीव आकृती बघा. मुलांना सांगा की हे आपल्या गावच्या वाड्यातलं आहे.

आमच्या थोरल्या काकांना हे पटत नाही. "आपलं होतं, मुंबईनं नेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुन्या नाशकात आमचाही वाडा होता. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली, भाऊबंदांचं काही जमेना, शेवटी पाडायचं ठरलं. ओसरीचे खांब चौकात आडवे टाकले होते. हस्तांवर केळफुलाचं कोरीवकाम होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या फासलेल्या हिरव्या ऑइलपेंटखाली पाकळ्या बुजल्या होत्या. घेणाऱ्याच्या माणसानं चाकूनं एका पाकळीवरचा रंग खरवडला, साग आहे एवढं बघितलं आणि घनफुटाचा भाव सांगितला. काका शेजारीच उभे होते. ते खांब आज कुठे आहेत, घरात कोणालाही सांगता येणार नाही.

आणि मुंबईला गेलेलं लाकूड? इमारत 1914 मध्ये पुरी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी दवाखाना होता, लोकांसाठी संग्रहालय उघडलं 1922 मध्ये. एवढ्या वर्षांनंतरही ते शाबूत आहे आणि कोणीही तिकीट काढून बघू शकतं. नेलं म्हणूनच उरलं, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या घरी वाडा असेल आणि पाडायची बोलणी चालू असतील, तर निदान आधी मोजमापं घ्या, फोटो काढा, आणि एक तरी खांब तळखड्यासकट, म्हणजे खालच्या दगडी बैठकीसकट, ठेवून घ्या. जागा नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मुलांचं म्हणाल तर पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत, आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. लघुचित्रांच्या दालनात मात्र त्यांना ओढत नेऊ नका, तिथे तुम्ही थांबा. प्रत्येक दालन बारकाईनं बघणं मात्र एका दिवसात होणार नाही, तसा हट्टही नको. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. आणि ऐन पावसाळ्यात जाऊ नका, कसारा घाटात गाडी रखडली तर दिवस गेला.

काकांना मी दर वेळी म्हणतो, "चला, एकदा डोळ्यांनी बघा." ते म्हणतात, "आधी परत आणा, मग बघतो."