शाहूपुरीच्या माळ्यावरची 'गिब्सन'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर, पेटीत, थोरल्या काकांची एफ आकाराच्या भोकांची इलेक्ट्रिक गिटार सापडली. डोक्यावर, तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, सोनेरी अक्षरात 'गिब्सन' हे नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचं नाव लिहिलंय, काका साठच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आणि पुण्याचे एक गृहस्थ फोटो बघून 'उद्या येतो, रोख देतो' म्हणतायत. खरी आहे का, आणि देऊन टाकू का?

उद्या देऊ नका. आणि तुम्ही टाकलेल्या पाच फोटोंवरून मला तरी ही गिब्सन वाटत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मात्र लगेच म्हणू नका, कारण ती जी आहे असं मला वाटतं तीही घरात ठेवण्यासारखी वस्तू आहे.

जनावरांच्या बाजारात बैल घेताना कुणी त्याचं नाव विचारत नाही, दात बघतात. जुन्या गिटारीचंही तसंच. डोक्यावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. नाव चिकटवता येतं, खरवडता येतं, आणि आपल्याकडे चुकीचंही वाचलं जातं. कोलकात्याचा गिव्हसन नावाचा वेगळा ब्रँड आहे. घाईत वाचणारे त्यालाही गिब्सन समजून बसतात. त्यात ब्रँडचा काही दोष नाही.

आता दात. तुमच्या दुसऱ्या फोटोत, डोक्याखाली तारा ज्या पट्टीवरून उतरतात तिला खेटून एक जादा फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी सळई, दिसतोय. ह्याला झिरो फ्रेट म्हणतात. जर्मन, डच आणि काही जपानी गिटारींवर तो सर्रास असायचा. पन्नास-साठच्या दशकातल्या गिब्सन आर्चटॉपवर, म्हणजे वरची फळी फुगीर असलेल्या गिटारीवर, तो नसतो. माझ्यासाठी अर्धा निकाल इथेच लागला.

उरलेला अर्धा तिसऱ्या फोटोत. घोडीच्या (तारा टेकतात त्या ठोकळ्याच्या) बाजूला तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर, प्लास्टिकची आयताकृती पट्टी, तिच्यात दोन गोल बटणं आणि बारीक सरकते स्विच. ही पट्टी बघून मला एकच नाव आठवतं: जर्मन कंपनी हॉफ्नर. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून साठच्या दशकात त्यांच्या दोन पिकअपच्या (पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) आर्चटॉपवर अशीच पट्टी असायची. गिब्सनच्या ह्या जातीच्या गिटारीवर बटणं थेट लाकडात बसवलेली असतात आणि पिकअप बदलायचा स्विच वरच्या खांद्यावर असतो. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बास ह्याच हॉफ्नरचा. मूळ कारखाना 1887 सालचा, आजच्या चेकियातल्या शोनबाखचा, व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या गावातला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना गाव सोडावं लागलं आणि ते जर्मनीच्या बायर्न राज्यातल्या बुबेनरॉयटला येऊन बसले. मिरजेची सतारमेकर गल्ली अख्खी उठून दुसऱ्या राज्यात वसली तर कसं होईल, तसं काहीसं.

तरीही फोटोवर छातीठोक बोलणं मी बंद केलंय, म्हणून आत बघा. एफच्या भोकातून मोबाइल उतरत नसेल तर दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च घ्या. आत लेबल असेल, फाटकं असलं तरी, त्याच्या उरलेल्या तुकड्याचा फोटो काढा. इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेल्या हॉफ्नरवर सेल्मर ह्या लंडनच्या वितरकांचं लेबल असतं, त्यावर मॉडेल आणि नंबर. लेबल पूर्ण गेलं असेल तर ते जिथे होतं तिथे लाकडाचा रंग फिकट राहतो. त्या डागाचा आकारही सांगा, गोल की चौकोनी.

समजा मी चुकलो आणि ही गिब्सनच निघाली, तर काय दिसायला हवं? दोन पिकअपची म्हणजे बहुधा ईएस-175डी. ईएस-175 हे मॉडेल 1949 साली आलं तेव्हा एकच पी-90 जातीचं पिकअप होतं, दोनवालं 1953 पासून, आणि 1957 पासून हंबकर, म्हणजे गुणगुण दाबणारं दोन गुंडाळ्यांचं पिकअप. 1952 ते 1961 ह्या काळात आतल्या लाकडावर कारखान्याच्या बॅचचा शाईचा शिक्का असतो आणि त्यात साल सांगणारं एक अक्षर: झेड म्हणजे 1952, वाय म्हणजे 1953, असं उलटं मोजत क्यू म्हणजे 1961. हा शिक्का पुसट असतो, टॉर्च आडवी धरली तर दिसतो. साठच्या दशकातल्या डोक्यामागच्या नंबरवर मात्र फार विसंबू नका. तेच नंबर गिब्सनने वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरलेत, त्यामुळे नुसत्या नंबरवरून 'ही 1964 चीच' म्हणणारा एकतर नवखा असतो किंवा विकणारा. आणि नंबरच्या खाली 'मेड इन यूएसए' ठोकलेलं असेल तर ती साधारण 1970 किंवा नंतरची. काकांच्या साठच्या दशकाशी ते जुळत नाही.

मापही घ्या. शिंप्याची टेप चालेल, पण ती ताणली जाते, पोलादी पट्टी बरी. ज्या पट्टीवरून किंवा झिरो फ्रेटवरून तार सुटते तिथपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ईएस-175 ला पावणेपंचवीस इंच, म्हणजे 628 मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. घोडीपर्यंत मोजू नका. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते, आणि इतक्या वर्षांत कुणी ती कुठे सरकवली असेल सांगता येत नाही.

तबलीबद्दल तुमच्या भावाने लिहिलंय की 'प्लायवूड आहे, म्हणजे नकली'. हे अजिबात धरू नका. एफच्या कडेला भिंग लावलं आणि थर दिसले तर तबली थरांची, रेघा वरून सरळ कडेत उतरल्या तर सलग लाकडाची, इथवर त्याचं बरोबर. पण ईएस-175 पहिल्या दिवसापासून मेपलच्या थरांचीच आहे. मुद्दाम. मोठ्या आवाजाच्या अॅम्प्लिफायरसमोर सलग कोरलेली तबली घुमून शिट्टी मारायला लागते, थरांची जरा दम धरते. कोरलेली स्प्रूसची तबली एल-5 सारख्या महागड्या मॉडेलला. हॉफ्नरमध्येही दोन्ही प्रकार आहेत.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. 1996 साली मी अशीच एक आर्चटॉप एका जुन्या वस्तूवाल्याकडून घेतली. डोक्यावर काजळी होती, नाव दिसत नव्हतं. मी काय केलं, उद्यमनगरात गाड्या रंगवणाऱ्या मित्राकडून थिनर आणलं आणि चिंधीने पुसलं. काजळीबरोबर पॉलिशही आलं, आणि खालचं नावही. जुन्या गिटारींचं पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं असतं, गाड्यांवर पूर्वी मारायचे त्या ड्युकोच्याच जातीचं, आणि ते थिनरमध्ये विरघळतं. शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र ऐन वेळी आठवत नाही. ती गिटार कुणाची होती हे मला आजतागायत ठाम सांगता येत नाही. मिरजेच्या एका कारागिराने ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून थिनर नको, ब्रासो नको, खोबरेल तेल तर नकोच. सुकं मऊ सुती फडकं, बस्स. त्याऐवजी दुकानदार नोटा तपासतात ती जांभळी बत्ती आणा, रात्री खोलीत अंधार करून गिटारीवर फिरवा. जुनं नायट्रो पॉलिश हिरवट-पिवळं चमकतं. नंतर मारलेला रंग काळपट ठिगळासारखा उठून दिसतो. डोक्यावरच्या 'गिब्सन'भोवती तसं ठिगळ दिसलं तर नाव मागाहून आलंय. तुमच्या पहिल्या फोटोत अक्षरांच्या कडेला पारदर्शक पट्टी दिसतेय असा मला संशय आहे. पण नुसतं अक्षर मोत्याच्या शिंपल्याचं नाही म्हणून नकली असंही नसतं; गिब्सनच्याच स्वस्त ईएस-125 वर नाव छापलेलं असायचं.

हे नाव कुणी लावलं असेल? मला वाटतं फसवायला नाही. ते दिवस आयात परवान्यांचे, परदेशी वाद्य हाताला लागणं हीच मोठी गोष्ट. बोटीवरचे खलाशी, मुंबईतले गोव्याचे वादक, ह्यांच्या हातून हातात वस्तू फिरायच्या आणि ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर लांबून गिब्सन दिसली की सुपारी मिळायला सोपं जायचं. काकांच्या बरोबरीचं कुणी हयात असेल तर विचारा. ही माहिती कुठल्याच शिक्क्यात मिळणार नाही.

वायरिंग उघडू नका, पण कुणी उघडलंच तर बटणांच्या मागचे आकडे टिपा. अमेरिकन पोटेन्शिओमीटरवर 137 किंवा 304 अशी बनवणाऱ्याची खूण आणि पुढे साल-आठवडा असतो. 1376623 म्हणजे सीटीएस कंपनी, 1966, तेविसावा आठवडा. त्यावरून गिटार त्याआधीची नाही, इतकंच कळतं. तेही तो भाग मूळचा असेल तर. जर्मन गिटारीत असा आकडा सापडला तर भाग बदललाय.

दोन गोष्टी मात्र आजच करा. पेटी उघडल्यावर कापरासारखा किंवा आंबूस वास आला तर गिटार बाहेर काढून हवेशीर ठेवा. जुन्या पिकगार्डचं (तबलीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीचं) सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारी वाफ फ्रेट आणि पिकअपचं धातूकाम खाते, आणि बंद पेटीत कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे तिला रान मोकळं. आणि तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या एकदम काढू नका, घोडी पडेल आणि तिची जागा हरवेल. जागेची खूण कागदाची चिठ्ठी सरकवून करा, चिकटपट्टी लावू नका, पॉलिश उचलून येतं.

2019 किंवा 2021 च्या पुरात पाणी घरात कुठवर चढलं होतं? माळा कोरडा राहिला असला तरी महिनाभर ओल होती ना? मानेच्या बुडाशी, पाठ आणि बाजू जुळतात तिथे, नखाने हलकेच टकटक करत फिरा. आवाज मध्येच फुटका आला तर तिथे सरस सुटलाय. तो मिरजेत नीट होतो, सतार-तंबोरेवाल्यांना ते काम नवीन नाही. फेविकॉल भरायचा मोह मात्र आवरा.

लेबल, लेबलच्या जागेचा डाग, बाराव्या फ्रेटचं माप, जांभळ्या बत्तीखालचं डोकं आणि पिकअपचा जवळून फोटो, एवढं टाका. हॉफ्नरने साठच्या दशकात पिकअप दोन-तीनदा बदलले, त्यावरून साल बरंच जवळ आणता येईल. पेटीतला छोटा कप्पाही उलटा करून बघा. जुनी तारांची पाकिटं, पावती, कार्यक्रमाचा कागद, काहीही. आणि पुण्याच्या पाहुण्यांना कळवा, दसऱ्यानंतर या म्हणावं.