सीबेक वाढला म्हणून लगेच स्ट्रेनला श्रेय देऊ नकोस

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं, की लँथनम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या (उष्णतेपासून वीज करायला वापरायचं म्हणतात ते ऑक्साइड, पुढे एसटीओ म्हणतो) दोन फिल्म एकाच टार्गेटवरून पीएलडीने (लेझरने टार्गेटचा पदार्थ उडवून थर बसवायची पद्धत) वाढवल्या, एक एलसॅटच्या, एक डिस्प्रोशियम स्कँडेटच्या सबस्ट्रेटवर (खालच्या आधाराच्या क्रिस्टलवर), आणि खोलीच्या तापमानाला सीबेक (दर केल्विन तापमानफरकाला मिळणारं व्होल्टेज) पहिलीचा उणे १८०, दुसरीचा उणे २४० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आला. गाईड म्हणतायत टेन्साइल स्ट्रेनने (फिल्म ताणली गेल्याने) सीबेक वाढतो असा पेपर टाकून देऊ. माझं ऐकशील तर जरा थांब.

स्ट्रेन खरा आहे, त्यात वाद नाही. एसटीओचा लॅटिस (अणूंच्या जाळीतलं अंतर) ३.९०५ अँगस्ट्रॉम, एलसॅटचा ३.८६८, स्कँडेटचा साधारण ३.९४५, म्हणजे एकीकडे जवळजवळ एक टक्का दाबलीय, दुसरीकडे एक टक्का ताणलीय. एक टक्का म्हटलं की किरकोळ वाटतं पण हिशोब करून बघ, साडेतीन गिगापास्कलच्या घरातला स्ट्रेस होतो, वातावरणाच्या दाबाच्या ३५ हजार पट. सिरॅमिकची गोळी एवढी ताणायला गेलास तर कधीच तुकडे होतील, फिल्म सहन करते कारण ती पातळ आहे आणि सबस्ट्रेटने धरून ठेवलीय.

आता बँडचं (इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या पट्ट्यांचं) बघ. एसटीओत इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या तीन डी-ऑर्बिटलमध्ये (एक्सवाय, वायझेड, झेडएक्स) बसतात, क्यूबिक असताना तिन्हींची एनर्जी सारखी. फिल्म आडवी ताणली की एक्सवाय खाली येतो, दाबली की वायझेड-झेडएक्सची जोडी खाली येते. सीबेकला जास्त बँड एकाच लेव्हलला असलेले आवडतात, म्हणजे तेवढ्याच कॅरिअरला (वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनना) तीन बँड असतील तर सीबेक मोठा, एकच उरला तर लहान (कंडक्टिव्हिटी वाढू शकते, कारण एक्सवाय फिल्मच्या प्लेनमध्ये दोन्ही दिशांना हलका, पण तो वेगळा विषय). म्हणजे नुसत्या बँडच्या हिशोबाने ताणलेल्या फिल्मचा सीबेक कमी यायला पाहिजे, तुझा तर जास्त आलाय! शिवाय स्प्लिटिंग (या बँडमधला एनर्जीचा फरक) २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे ३०० केल्विनच्या केटीच्या (उष्णतेच्या एनर्जीच्या), बऱ्यापैकी वर असेल तरच फरक दिसणार, आणि एसटीओ ज्या हजार केल्विनला वापरायचं म्हणतात तिथे केटीच ८६ होतो, म्हणजे फरक दिसणं अजूनच अवघड.

मग ६० मायक्रोव्होल्टचा फरक आला कुठून? मला कॅरिअरचा संशय आहे. फिल्म पूर्ण डीजनरेट (कॅरिअर इतके दाट की धातूसारखी) धरली तर सीबेक कॅरिअर डेन्सिटीच्या उणे दोन-तृतीयांश घाताने जातो, त्या हिशोबाने १८० चे २४० व्हायला कॅरिअर फक्त दीडपटीने कमी व्हायला हवेत. नॉन-डीजनरेट धरली तर कॅरिअर दर दहापट कमी होताना १९८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे निम्मे झाले तरी पुरे. पीएलडीत लेझरची फ्लुएन्स (दर क्षेत्रफळाला पडणारी एनर्जी) थोडी हलली की स्ट्रॉन्शियम कमी-जास्त होतं, ऑक्सिजन व्हेकन्सी (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, त्याही कॅरिअर देतात) तर विचारूच नकोस, आणि व्हेकन्सी किती बनणार हेही स्ट्रेनवर अवलंबून. तेव्हा दोन्ही फिल्मचं हॉल मेजरमेंट (चुंबकीय क्षेत्रात कॅरिअर मोजणं) कर आणि सारख्या कॅरिअर डेन्सिटीला सीबेक किती ते बघ. त्यासाठी दोन फिल्म पुरणार नाहीत, प्रत्येक सबस्ट्रेटवर वेगवेगळ्या डोपिंगच्या निदान तीन-चार लागतील, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये) सी-अक्षसुद्धा (लॅटिसची उभी लांबी) तपास. नुसत्या इलॅस्टिसिटीने एलसॅटवर तो ३.९३ च्या आसपास आणि स्कँडेटवर ३.८८ च्या आसपास यायला हवा. त्याहून ठळक मोठा आला तर लॅटिस स्टॉइकिओमेट्री (अणूंचं प्रमाण) बिघडल्यामुळे फुगलाय, सगळंच स्ट्रेनमुळे नाही. आणि एक-शून्य-तीन पीकभोवती रेसिप्रोकल स्पेस मॅप (आडवा-उभा लॅटिस एकत्र दाखवणारा एक्स-रे नकाशा) घे, फिल्म रिलॅक्स झाली (ताण सोडून मूळ लॅटिसवर गेली) असेल तर वरची सगळी चर्चाच फुकट.

माझी फजिती सांगतो. पीएचडीत मी शुद्ध एसटीओ सबस्ट्रेटवरच फिल्म वाढवायचो, ऑक्सिजन अगदी कमी ठेवून. पॉवर फॅक्टर (सीबेकचा वर्ग गुणिले कंडक्टिव्हिटी) असा आला की लॅबमध्ये पेढे वाटायचे बाकी होते. मग एका सीनियरने विचारलं, फिल्मशिवाय नुसता सबस्ट्रेट तसाच तापवून मोजलास का? मोजला, तोपण मस्त कंडक्ट करत होता. फिल्म १०० नॅनोमीटर, सबस्ट्रेट अर्धा मिलिमीटर, ५ हजार पट जाड, मी आठ महिने सबस्ट्रेटच मोजत होतो. एलसॅट आणि स्कँडेट असे सहज रिड्यूस होत (ऑक्सिजन गमावत) नाहीत, पण तरी तुझ्या कंडिशनला दोन्ही कोरे सबस्ट्रेट तापवून मोजून ठेव, रिव्ह्यूअर विचारणारच. तसंच दोन्ही फिल्म ५००-६०० अंशाला ऑक्सिजनमध्ये अ‍ॅनील करून परत मोज. लँथनम कुठे जात नाही, तेव्हा फरक नाहीसा झाला तर तो व्हेकन्सीचाच होता.

ते सँटा बार्बराच्या ग्रुपने २०११ मध्ये एसटीओ दाबून १ लाख २० हजारांवर (सेंटिमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद) मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉनची चपळाई, दाखवली ते गाईड पुढे करतील, पण ते अतिथंड तापमानाचं आहे. खोलीच्या तापमानाला फोनॉनच (लॅटिसची कंपनं) मोबिलिटी दहाच्या खाली आणून ठेवतात.

आणि झेडटी (पॉवर फॅक्टर गुणिले तापमान भागिले थर्मल कंडक्टिव्हिटी) काढताना पॉवर फॅक्टर प्लेनमधला नि थर्मल कंडक्टिव्हिटी उभ्या दिशेची असं मिसळू नकोस, ताणलेल्या फिल्ममध्ये तर मुळीच नाही. तुमच्याकडे थर्मल कंडक्टिव्हिटी प्लेनमध्ये मोजायची सोय नसेल तर झेडटी लिहूच नका, पॉवर फॅक्टरवर थांबा.