'रेस'वरचं नाटक : वंश, वर्ण आणि कपडेपट

प्रश्न असा आहे : लोरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाच्या प्रयोगाचं परीक्षण मराठीत लिहायचंय. (शिकागोतलं एक काळं कुटुंब गोऱ्या वस्तीत घर घेतं, त्याची ही गोष्ट.) 'रेस'ला वंश म्हणावं की वर्ण? आणि कॉस्च्यूमला वेशभूषा, वेषभूषा की नेपथ्य?

सोपं आधी. वेश आणि वेष दोन्ही चालतात. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. नेपथ्य मात्र नको. संस्कृतात त्या शब्दात पडद्यामागची जागाही येते आणि नटाचा साजही, पण आपला नेपथ्यकार भिंती आणि दारं उभी करतो. 'नेपथ्य नायजेरियन वळणाचं' असं लिहिलंत तर वाचक शिकागोतल्या त्या कोंदट फ्लॅटच्या भिंती न्याहाळत बसेल. कपडे सांभाळणाऱ्या खात्याला नाटकवाले कपडेपट म्हणतात; तोही शब्द बिनधास्त वापरा.

आता वंश-वर्ण. 'रेस' तसाच ठेवला तर मराठी माणूस महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लावायला निघतो. 'वर्ण' सुटा लिहिला तर तो थेट चातुर्वर्ण्यात शिरतो. समासात वर्ण चालतो, कारण वर्णभेद आणि वर्णद्वेष हे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी कानात बसवले आहेत. पण त्यांचा रोख कातडीच्या रंगावर आहे. मूळ कल्पनेसाठी माझं मत वंशाला. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाच्या मराठी पाठातही धर्म, वंश, जात अशी वेगवेगळी नावं आहेत. 'वंशवाद' मी टाळतो. हिंदी वाचणाऱ्याला त्यात घराणेशाही दिसते. 'वंशद्वेष' स्वच्छ आहे.

वंशाचा दिवा, वंशवेल हे अर्थ मध्ये येतात, अशी तक्रार होईल. या नाटकात मला ते यायला हवेच आहेत. शेवटी या कुटुंबातला वॉल्टर आपल्या मुलाला पुढे करून सांगतो, की या देशातली आमची ही सहावी पिढी. घर घ्यायचा हक्क तो पिढ्यांच्या हिशेबाने मांडतो. वंशाचे दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात एकत्र येतात. 'वर्ण'ला हे जमणार नाही.

अभिनयाबद्दल लिहिताना हीच निवड कामाला येते. कार्ल लिंडनर हा गोऱ्या वस्तीच्या रहिवासी संघटनेचा माणूस. तुम्ही आमच्याकडे राहायला येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो, हे सांगायला तो येतो. एक शिवी देत नाही, उलट वंशद्वेषाचा इथे काही संबंध नाही अशी ग्वाही देतो. नट हे वाक्य खलनायकी थाटात म्हणाला, तर टाळी मिळेल आणि भूमिका फसेल. त्याचा स्वतःवर विश्वास बसलेला दिसला, तर 'भूमिका वठली' असं लिहा. 'समर्थ अभिनय' या शिक्क्यातून यातलं काहीच कळत नाही.

वॉल्टरची बहीण बेनीथा, तिच्या बाबतीत 'वेशभूषा' अपुरी पडते. तिचा नायजेरियन मित्र असागाई तिला तिकडचा पोशाख आणून देतो, पण टोचतो तिच्या सरळ करून घेतलेल्या केसांवरून. पुढे ती केस कापून नैसर्गिक ठेवते. १९५९च्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, मूळ प्रयोगात केसांचा तो भाग गाळला होता. तुम्ही पाहिलेल्या प्रयोगात तो असेल, तर केशभूषेला वेगळं वाक्य द्या.

मराठी नटांनी हे नाटक केलं आणि चेहऱ्यांना काळा रंग लावला, तर त्याला नुसतं 'रंगभूषा' म्हणून सोडू नका. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाखाली, म्हणजे वेश-रंगाच्या साजाखाली, अंगरचना (अंग रंगवणं) येते आणि कोणत्या प्रदेशाचे लोक गोरे रंगवावेत, कोणते काळे, हेही तिथे सांगितलेलं आहे. अमेरिकेत मात्र गोऱ्या नटांनी काजळी फासून काळ्यांची टिंगल करण्याची १९व्या शतकातली मिन्स्ट्रेल परंपरा त्यामागे उभी असते. तेव्हा 'नटांचे चेहरे काळे रंगवले आहेत' असं सरळ लिहा. 'तोंडं काळी केली' नको. मराठीत ते भलतंच.

दिग्दर्शनासाठी 'नाटक बसवलं' हे क्रियापद पुरेसं आहे. मूळ प्रयोग लॉइड रिचर्ड्‌स यांनी बसवला होता. ब्रॉडवेवरचे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. इथे 'कृष्णवर्णीय' योग्य. 'निग्रो' फक्त त्या काळचा संवाद उद्धृत करताना, अवतरणचिन्हांत.