थंडीत बेंचवरून मारलेली पेलेट खाली आणि उजवीकडे का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळ, कलमांच्या बागेत, दक्षिणेकडे तोंड करून तुम्ही २५ मीटरवर एअर रायफलच्या बेंचरेस्टचा, म्हणजे बेंचवर रायफल टेकवून मारण्याचा, सराव करता. थंडीच्या दिवसांत सकाळी सातच्या सुमारास पेलेट (रायफलचे छर्रे) साधारण ३ मिमी खाली आणि ५ मिमी उजवीकडे बसतात. दुपारी पुन्हा मध्यावर येतात, कधी कधी डावीकडेही जातात. रायफल बिघडली की थंडीच असं करते, हे तुम्हाला विचारायचंय. शिवाय फेब्रुवारीत उत्तरेकडे सामना आहे, तर स्कोप (रायफलवरची दुर्बीण) आधीच वर फिरवून न्यावा का?

रायफल बहुतेक ठीक आहे आणि स्कोपला हात लावू नका. ‘खाली’ आणि ‘उजवीकडे’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुम्ही दोन्हींचं खापर थंडीवर फोडलंयत.

उजवीकडचं आधी सांगतो, ते सोपं आहे. थंडी पेलेटला बाजूला ढकलत नाही, ते काम वाऱ्याचं. हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत आपल्याकडे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून. दक्षिणेकडे तोंड करून बसलात की पूर्व तुमच्या डाव्या हाताला येते. डावीकडून वारा, पेलेट उजवीकडे. दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून म्हणजे तुमच्या उजवीकडून येतो आणि पेलेट डावीकडे सरकवतो. मधल्या वेळात, मतलई पडलेला आणि खारा अजून न सुटलेला असा एक टप्पा येतो. तेव्हाची पेलेट मध्यावर लागत असणार.

तुम्ही म्हणाल, सकाळी तर पानही हलत नाही. बरोबर, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. ८.४ ग्रेन वजनाचं, ४.५ मिमी व्यासाचं पेलेट सेकंदाला साधारण २४० मीटर वेगाने निघालं असेल, तर सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा त्याला २५ मीटरवर ६ ते ७ मिमी सरकवतो. म्हणजे तुमच्या ५ मिमीला पाऊण मीटरचा वारा पुरे. एवढ्या वाऱ्यात झावळी हलत नाही, कलमाचं पान हलत नाही, फक्त धूर कुठे जातोय ते कळतं. बेंचशेजारी एक उदबत्ती लावून बघा. धुराची रेघ सरळ वर न जाता समुद्राकडे कललेली दिसेल.

म्हणून वाऱ्याच्या झेंड्यांवाचून या खेळात पान हलत नाही. विकतचे नसले तरी चालतं. बांबूच्या काठीला लोकरीचा धागा किंवा पातळ प्लॅस्टिकची पट्टी बांधली तरी काम होतं. बहुतेक जण पहिला झेंडा लक्ष्याजवळ रोवतात. तुम्ही तो रायफलच्या तोंडापासून चार-पाच मीटरवर रोवा. सुरुवातीला मिळालेला धक्का पुढे सगळं अंतर वाढत जातो. लक्ष्याजवळच्या झुळकेला तेवढा वावच उरत नाही. टीव्हीवर दिसणारी ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल बंद सभागृहात चालते, तिथे हा सगळा व्याप नाही. त्या नेमबाजांचे सल्ले बेंचरेस्टला जसेच्या तसे लावू नका.

आता ‘खाली’. इथे थंडीचा हात आहे, पण लोक समजतात तिथे नाही. गार हवा दाट असते म्हणून पेलेट अडतं आणि खाली पडतं, असं सगळे सांगतात. दाट असते हे खरं. ३२ अंशांना घनमीटरभर हवा साधारण १.१६ किलो भरते, १० अंशांना १.२५ किलो, म्हणजे जवळपास आठ टक्के फरक. (दमट हवा जड असते हाही आपल्याकडचा एक लाडका समज. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच भरते.) आता हिशेब बघा. २५ मीटर जायला पेलेटला सेकंदाचा नववा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ते नळीच्या रेषेपासून साडेपाच-सहा सेंटिमीटर खाली येतं. हवा आठ टक्के दाट झाल्याने त्यात भर पडते फार तर अर्ध्या मिलिमीटरची. तुमची तक्रार ३ मिमीची आहे.

उरलेले अडीच मिमी रायफलच्या आत आहेत. तोंडाचा वेग, म्हणजे पेलेट नळीतून निघतानाचा वेग, सेकंदाला ५ मीटरने घटला की २५ मीटरवर पेलेट दोन-सव्वादोन मिमी खाली जातं. आणि गारठ्यात एवढा वेग कुठेही सांडतो.

रायफल कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही जातींचं सांगतो.

सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी, असेल तर विषयच संपला. आत द्रवरूप वायू असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो: ३० अंशांना सुमारे ७२ बार (इथे बार हे दाबाचं माप), १० अंशांना ४५. अशी बंदूक सकाळच्या बेंचरेस्टला घेऊच नये.

स्प्रिंगची असेल तर वंगण तपासा. आपल्याकडे जुन्या, चामडी वॉशरच्या एअरगन घरोघरी आहेत आणि त्यांत खोबरेल सोडायची पद्धत आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. दापोलीच्या पठारावर पारा १० अंशांजवळ जातो त्या पहाटे बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. तेच खोबरेल पिस्टनभोवती असेल तर तो मोकळा धावणार कसा? पाच-दहा बार काढल्यावर रायफल ‘सुटते’ आणि पेलेट वर यायला लागतात, ही त्याची खूण. स्प्रिंगला जाड चिकट ग्रीस चोपडलं असेल तरीही हेच होतं. उपाय म्हणून वरून आणखी तेल ओतू नका. पिस्टनपुढे साठलेलं तेल बाराबरोबर पेट घेतं आणि वेग वाटेल तसा उड्या मारतो.

पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल, आणि मला वाटतं तीच असावी, तर जरा सविस्तर बोलावं लागेल. दुपारी ३० अंशांना २०० बारपर्यंत भरलेली हवेची नळी पहाटे १० अंशांना सुमारे १८७ दाखवते. गळती समजून लोक ओ-रिंगा (रबरी सील) बदलत बसतात, पण हा साधा वायूचा नियम आहे. रेग्युलेटर (प्रत्येक बाराला सारखाच दाब देणारा भाग) नसेल तर दाबाच्या ज्या पट्ट्यात तुमचा ग्रुप (एकत्र बसलेल्या पेलेटचा झुपका) चांगला येतो तो पट्टा सकाळी लवकर संपेल, तेव्हा भरणं सकाळच्याच हवेत करा. रेग्युलेटर असेल तर नळीतला दाब कमी-जास्त झाल्याने बिघडत नाही. मात्र त्याच्या आतलं ग्रीस घट्ट होतं, ओ-रिंगा ताठरतात आणि बार झाल्यावर दाब पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या हातोडीवर ग्रीस असेल तर ती हळू आपटते, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि वेग गेला. हातोडी कोरडी पुसून ठेवलेली बरी.

हातपंप वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. आपल्या दमट हवेतला ओलावा दोनशे पट दाबल्यावर पाणी होऊन बाहेर पडतो. पंपाचा ब्लीड स्क्रू (उरलेली हवा सोडायचा) सैल केलात की पांढरा धूर सुटतो आणि तळहातावर बारीक थेंब जमतात, तेच पाणी रायफलच्या नळीतही शिरत असतं. पंपाला ओलावा शोषणारी फिल्टर नळी लावा, तिच्यातले दाणे वेळेवर बदला आणि पंप थांबत थांबत मारा. भरणं सकाळच्याच हवेत करा असं मी वर म्हटलं ते फक्त रेग्युलेटर नसलेल्यांसाठी. बाकीच्यांनी खुशाल घरात, कोरड्या दुपारी भरावं.

खातरजमा कशी करायची? क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळवा, कुणाचा तरी उसना आणा. सकाळी सातला दहा बार, दुपारी बाराला दहा बार, पेलेटचा डबा तोच. वेग पाच मीटरने पडलेला दिसला तर काम झालं. वेग तसाच असेल, तर दुखणं स्कोपमध्ये किंवा माउंटमध्ये (स्कोप रायफलवर बसवायच्या पकडीत) शोधा. आणि सकाळचे बार काढण्याआधी रायफल तासभर बाहेर ठेवा. घरातल्या उबेतून आणलेली रायफल लगेच मारली तर तिचं तापमान बार काढता काढताच उतरत जातं आणि ग्रुप उभा ताणला जातो.

दवाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते नडतं. सँडबॅग रात्री बाहेर राहिली की तिचं चामडं चिकट होतं, स्टॉक मागे सरकताना अडखळतो आणि पेलेट वर-खाली होतात. थोडी टाल्कम पावडर चोळा. बॅग भरायला हर्णैच्या किनाऱ्यावरची वाळू आणली असेल तर ती फेकून द्या. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, बॅग कायम दमट राहते आणि रायफलला गंजही चढतो. नदीची वाळू धुऊन, चाळून, कडक वाळवून भरा.

राहिला उत्तरेतला सामना. नियम आधी वाचून घ्या. बेंचरेस्टच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीने असेल तर २५ मीटरवर एका कागदावर २५ लक्ष्यं, प्रत्येकावर एकच बार, कमाल २५० गुण. लाइट व्हार्मिंट गटात ताकदीची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल. त्याच कागदावर साइटरही (गुणांत न धरली जाणारी चाचणीची लक्ष्यं) असतात आणि त्यांवर हवे तेवढे बार काढता येतात. मग इथूनच स्कोपचे क्लिक फिरवून नेण्यात काय हशील? तिथे पाच अंश असेल की पंधरा, हे आज कोण सांगणार? हातोडी कोरडी करा, नळी तिथल्याच हवेत भरा, आदल्या दिवशी सकाळी त्याच वेळेला साइटर मारा आणि मग क्लिक ठरवा. बोटं मात्र उबदार ठेवा. काही ग्रॅमवर लावलेला ट्रिगर बधिर बोटाला कळतच नाही. परत येताना एसी डब्यातून उतरल्यावर रायफलची पेटी लगेच उघडू नका, नाहीतर आपल्या दमट हवेत नळीला आणि स्कोपच्या काचेला घाम फुटतो.

क्रोनोचे सकाळ-दुपारचे आकडे मिळाले की इथेच लिहा, आणि रायफलचं मॉडेलही. रेग्युलेटर उघडायची वेळ आली आहे का, ते त्यावरून सांगता येईल.