फ्रायर म्हणजे पाद्री नव्हे, भाऊ!

प्रश्न आलाय की 'फ्रायर'ला (भिक्षा मागून राहणाऱ्या ख्रिस्ती संघातला व्रती) मराठीत पाद्री म्हणायचं की भिक्खू, आणि नन म्हणजे सिस्टरच ना.

पाद्री तर मुळीच नको. ओल्ड गोव्यात असिसीच्या फ्रान्सिसच्या चर्चमध्ये एक गाईड सांगत होता "हे लय मोठे पाद्री", डोकंच फिरलं माझं! एक तर रस्त्यापलीकडच्या बॉम जेझस चर्चमधल्या फ्रान्सिस झेवियरशी त्याने गल्लत केलेली (झेवियर जेझुइट, म्हणजे वेगळ्याच संघाचा, फ्रायर नव्हेच), आणि हा फ्रान्सिस शेवटपर्यंत पाद्री झालाच नाही.

पण खरी मजा शब्दात आहे. पाद्री पोर्तुगीज पाद्रेवरून, मागे लॅटिन पातेर, म्हणजे आपला पितृ. आणि फ्रायर? जुन्या फ्रेंचमधून आला, मागे लॅटिन फ्रातेर, म्हणजे भ्रातृ, म्हणजे चक्क आपला भाऊ!! योगायोग म्हणणाऱ्यांनी संस्कृत भरामि आणि लॅटिन फेरो (दोन्हींचा अर्थ 'मी वाहतो') शेजारी ठेवून बघा, संस्कृतच्या भ ला तिकडे फ येतो. म्हणजे फ्रायरला पाद्री म्हणणारे भावाला बाप करून ठेवतात. फ्रान्सिसने तर आपल्या फ्रायरांच्या संघाचं नावच 'ओर्दो फ्रात्रुम मिनोरुम' ठेवलं, धाकट्या भावांचा संघ, बापपणा नकोच होता त्याला. आता काही फ्रायर धर्मगुरूही असतात, त्यांना फादर म्हणा की, पण ते धर्मगुरू म्हणून, फ्रायर म्हणून नाही.

आणि 'मठवासी' लिहून मोकळे होणाऱ्या कोशकारांना काय म्हणावं? मठ आणि मठाच्या जमिनी सोडून गावात भिक्षा मागत फिरायचं हाच तर तेराव्या शतकात फ्रान्सिस आणि डॉमिनिकच्या (दुसऱ्या फ्रायर-संघाचा संस्थापक) लोकांचा वेगळेपणा! भिक्खू म्हटलं की लोक बौद्ध समजतात, म्हणून मी 'भिक्षाव्रती बंधू' लिहितो, कुणाला जड वाटलं तर वाटू दे.

ननचं मूळ लॅटिन नोन्ना, वयस्क बाईला आदराने मारायची हाक, इटालियनमध्ये अजून आजीला नोन्नाच म्हणतात. आणि ऋग्वेदात (९.११२) 'उपलप्रक्षिणी नना' आहे, दगडावर दळणारी आई! पंडित म्हणतात ही बाळबोली आहे, सगळीकडे आपोआप होते, नातं लावू नका. मला मात्र आपल्या नानीसकट सगळ्या एका घरातल्या वाटतात, आणि मी काही मागे हटणार नाही.

हां, सिस्टरचं राहिलंच. काटेकोर बोलायचं तर बंदिस्त कॉन्व्हेंटात राहणारी ती नन, ओल्ड गोव्यात १६०६ साली सुरू झालेल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटातल्या ऑगस्टिनियन संघाच्या बायका तशा होत्या. शाळा-दवाखान्यात दिसते ती सिस्टर, आणि ती परत आपली संस्कृत स्वसृच, म्हणजे बहीण.