सुयांबद्दल पेशंटला विचारत जा

नाशिक

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ओपीडीत कंबरदुखीच्या पेशंटने ‘अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे ते ठरावीक बिंदूंवर सुया टोचून घेणं, करू का?’ विचारलं, सीनियर हसले आणि तू गप्प राहिलीस, असं लिहिलंयस. मला त्या हसण्याचीच काळजी वाटते. निफाडकडच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून विरळणी करणारी बाई ते हसणं एकदा ऐकते आणि पुढच्या वेळी सुया लावून घेतल्याचं सांगतच नाही. ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर? खांद्याजवळ किंवा छातीवर सुई खोल गेली, तर फुप्फुसाला भोक पडून हवा साठू शकते. क्वचित, पण घडतं. रात्री दम लागून ती कॅज्युअल्टीत आली, तर सुयांचा विषय काढणार कोण?

म्हणून हिस्टरी घेताना सरळ विचार, “मावशी, आणखी कुठे उपचार चालू आहेत? सुया लावता का? सुई नव्या पाकिटातून काढतात ना? बीपी-शुगरच्या गोळ्या बंद नाही ना केल्या?”

एमबीबीएसला आपल्याला यातलं काही शिकवत नाहीत, तरी मतं सगळ्यांची ठाम. तू वाचून मत बनव. कंबरदुखीवरची जर्मन चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, ती मुळातून वाच. १,१६२ रुग्ण, तीन गट. सहा महिन्यांनी, ठरलेल्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम होता; बिंदू सोडून वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२, गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम घेतलेल्यांपैकी २७.४. म्हणजे बिंदू कुठला, याने फारसं बिघडलं नाही. पण आपले नेहमीचे उपचार दोन्हींच्या मागे राहिले. दर वेळी अर्धा तास कुणीतरी लक्ष दिलं, त्याचाही यात वाटा असावा असं मला वाटतं. आपल्या ओपीडीत एवढा वेळ मिळतो कुणाला?

त्या पेशंटला परत बोलाव. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं, हे आधी तपास. यातलं काही असेल तर सुयांचा विचार बाजूला ठेवून एमआरआय. नसेल आणि त्याला करायचंच असेल, तर नोंदणी असलेल्याकडेच जा म्हणावं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. आठ-दहा वेळांत फरक पडला नाही तर आणखी पैसे घालवू नका, माझ्याकडे परत या, हेही त्याला सांग.

तुझे,
सर